माथ्यापर्यंतचे नाना

नाना शेवडे मागून येताना दिसले की सायकलवाल्यांनी सावध राहावं, असा आमच्या इंदूरच्या रामबागेत अलिखित नियम होता. चढावर कोणी दमून पाय मारताना दिसला की नाना त्याच्या पाठीवर पंजा टेकवत आणि एक अक्षर न बोलता त्याला ढकलायला लागत. विचारणं नाही, सांगणं नाही. कृष्णपुऱ्याच्या पुलावरून राजवाड्याकडे येताना त्यांनी एकदा कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना असं ढकललं. प्राध्यापकांना वाटलं, कोणीतरी खिसा कापतोय. ते ओरडले, माणसं जमली, पण तोवर चढ संपला होता आणि चढ संपल्यावर नानांचं तिथे काही काम नव्हतं. चोर मोठा विक्षिप्त होता, नेलं काहीच नाही, उलट मला वरपर्यंत आणून सोडलं, असं ते प्राध्यापक पुढे कित्येक दिवस सांगत होते.

नानांच्या डोक्यात काही बिघाड होता असं मात्र कोणी समजू नये. त्यांची सगळी नोकरीच ढकलण्यात गेली होती. खंडव्याकडून इंदूरला येणारी रेल्वे कालाकुंडाला घाटाच्या पायथ्याशी येते. पुढे पातालपाणीपर्यंत असा उभा चढ आहे की एका इंजिनाच्या बापाच्याने गाडी वर जात नाही. म्हणून कालाकुंडाला गाडीच्या शेपटाला दुसरं इंजिन लावतात आणि ते मागून रेटतं. त्याला रेल्वेवाले बँकर म्हणतात. नाना त्या बँकरचे ड्रायव्हर होते. घाटाच्या माथ्यावर पातालपाणीला पोचलं की इंजिन सोडायचं, गाडी पुढे महू-इंदूरकडे जायची आणि नाना एकटे उलटे खाली यायचे, पुढच्या गाडीला ढकलायला. उतारूंना मागे असं कोणी आहे याचा पत्ताही नसायचा. हारतुरे आणि रामराम सगळे पुढच्या ड्रायव्हरला.

पेन्शन घेऊन नाना आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आले आणि आल्या दिवशी त्यांनी माझ्या बायकोला पहिलाच प्रश्न विचारला, "वहिनी, लोड काय तुमचा?" नानांचा हेतू निर्मळ होता. समोर आलेली प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक माणूस त्यांना आधी वजन म्हणूनच दिसे. पण बायको माझी होती, आणि तिचा राग काढायचं ठिकाणही मीच होतो. पुढचे कितीतरी दिवस नानांकडे आमच्या घरून लोणच्याची फोड गेली नाही.

मी तेव्हा मध्यभारत सरकारच्या एका कचेरीत कारकून होतो. आमची राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला असे. हंगाम बदलला की आमच्या फायलींचे गठ्ठे बांधून निघत. एकदा नाना ते गठ्ठे ट्रकवर चढताना बघत खूप वेळ उभे राहिले. मग मला बाजूला घेऊन, भैयाचं इंदुरी भिया करत म्हणाले, "एवढं लोड न्यायचं, आणि सहा महिन्यांनी तेच परत आणायचं. वरती काही पोचतं की नाही भिया?" मी त्या सरकारचा पगार खात होतो, म्हणून नुसता हसलो.

त्यांची दुसरी खोड म्हणजे, काम तडीला गेलं की नाना गायब. आमच्या धाकट्याच्या वेळी बायकोला भल्या पहाटे कळा सुरू झाल्या. टांगा मिळेना. नानांनी तिला आपल्या पिकअपमध्ये घातलं, इस्पितळात नेलं, नर्सला झोपेतून उठवलं, स्ट्रेचरला हात लावला. मुलगा झाला हे सांगायला मी धावत बाहेर आलो तर नाना नाहीत आणि पिकअपही नाही. दुपारी पेढे घेऊन गेलो तेव्हा ते स्टोव्हला पिना करत बसले होते. "पोचल्या ना वहिनी? झालं तर मग," एवढंच म्हणाले आणि पेढा कागदात गुंडाळून कोनाड्यात ठेवला. त्यांच्यासमोर कोणी आभाराचं तोंड उघडलं की ते चपला शोधायला लागत. मला या गोष्टीचा राग यायचा. माणसाने आपल्याला थोडं तरी देणेकरी राहू द्यावं की नाही?

आता त्या पिकअपबद्दल. लढाई संपल्यावर महूच्या छावणीत जुन्या गाड्यांचे लिलाव झाले, त्यात नानांनी ती घेतली होती. पेट्रोल पिण्यात वाघ आणि कामात शेळी. सपाटीवर बरी चालायची. पण मागे ट्रेलर लावला आणि जरा चढ आला की धापा टाकायची, आणि शेवटी मधोमध उभी राहून सगळ्या रस्त्याला आपलं दुखणं सांगायची. पहिली दोन-तीन वर्षं नानांनी तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवली नाही. मग शकूचं पत्र आलं.

शकू ही नानांच्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ-भावजय एका पावसाळ्यात तापाने गेले आणि चार वर्षांची शकू कालाकुंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये नानांकडे आली. नानांनी लग्न केलं नव्हतं, पुढेही केलं नाही. तिला त्यांनी वाढवलं, शिकवलं आणि घाटाखाली बडवाह्याला दिली. तिच्या नवऱ्याची, मधूची, तिथे पिठाची चक्की होती. शकूने लिहिलं होतं की इथे आता धंदा बसत चाललाय, चक्की दुसरीकडे हलवायची आहे. मधूचा चुलतभाऊ खंडव्याला बोलावतोय, जागा देतोय. पण तुम्ही म्हणत असाल तर आम्ही इंदूरला येऊ. दसऱ्याच्या आत ठरवायचं आहे.

नानांनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. खंडवा सपाटीला, रस्ता सरळ, चक्की बैलगाडीनेही जाईल. इंदूरला यायचं तर मध्ये भेरूघाट. जात्याचे दगड, लोखंडी सांगाडा आणि ते अवजड ऑइल इंजिन घाटावर चढवायचं, तर भाड्याचा ट्रक मधूच्या आवाक्यातला नव्हता. मी म्हटलं, नाना, रेल्वेने मागवा, तुमचीच तर लाइन आहे. तर म्हणाले, मालडब्यात आदळआपट होते, दगडाला चीर जाते. जन्मभर रेल्वेत गेलेल्या माणसाच्या तोंडून हे मला पटेना. तेव्हा बोलले, "जिंदगीभर मागून लावलं. शकूचं लोड मला पुढून आणायचंय."

त्या दिवसापासून पिकअपचं तारुण्य परत आणण्याचा उद्योग सुरू झाला. सियागंजाजवळ छोटेखाँ नावाचे मिस्त्री होते, नानांच्याच वयाचे. त्यांनी बॉनेट उघडून बघितलं आणि म्हणाले, "शेवडेजी, इसको जवान करोगे तो जेब बूढ़ी हो जाएगी." नानांनी सांगितलं, नया कुछ नहीं डालना, जो है उसी में से दम निकालना है. मग दोघा म्हाताऱ्यांनी इंजिनाचं डोकं उतरवलं आणि आत साठलेली काजळी खरवडून काढली. व्हॉल्व्ह घासून बसवले. कार्बुरेटर उघडून रॉकेलमध्ये बुडवला, त्यासाठी आमच्या घरची परात गेली ती कायमचीच. प्लग साफ झाले, ठिणगीची वेळ जुळवली. दम थोडा वाढला. पण भेरूघाटाला थोडा पुरत नाही.

तेव्हा नानांनी दुसरी बाजू धरली. दम वाढत नसेल तर भार कमी करायचा. पिकअपची दारं निघाली. बॉनेट निघालं. मडगार्ड, मागची फळी, गादी, आरसा आणि भोंगासुद्धा निघाला. भोंग्याचं काय वजन असतं हो, असं मी विचारलं, तर म्हणाले, थेंबे थेंबे तळं साचतं, तसंच ते उपसायचंही असतं. शेवटी त्या गाडीत इंजिन, चाकं आणि पाटावर बसलेले नाना एवढंच उरलं. खिडकीतून बघणाऱ्याला वाटावं, नाना हवेत बसून कुठेतरी निघालेत.

खरी करामत छोटेखाँनी केली. भंगारात पडलेल्या एका जड फौजी लॉरीची मागच्या धुऱ्यातली दातेरी चाकं त्यांनी काढून आणली आणि खटपट करून पिकअपला बसवली. इंजिनाने पुष्कळ फेरे मारावेत तेव्हा चाकाचा एक फेरा व्हावा, अशी ती जोडणी होती. त्याने खेच वाढते. वर मागची चाकंही लहान घातली, म्हणजे आणखी खेच. मात्र जोर आणि वेग एका ताटात जेवत नाहीत. पिकअप आता भिंत ओढील अशी झाली, पण चालायची माणसाच्या पावलाने. मागून खाली बसलेली, पुढून उंच, अशी ती उठायला निघालेल्या घोड्यासारखी दिसे. आमच्या गल्लीतला कुत्रा आधी तिच्यामागे भुंकत धावायचा, तो आता तिच्यापुढे चालायला लागला.

चाचणीसाठी वजन हवं होतं. पोती कोणी देईना, म्हणून नानांनी बुधवारी सगळ्या गल्लीला खजराण्याच्या गणपतीला फुकट नेण्याचं जाहीर केलं. ट्रेलरमध्ये बायका-पोरं दाटीवाटीने बसली. चढणाऱ्या प्रत्येकीला लोड विचारला गेला आणि प्रत्येकीने खोटं सांगितलं. निम्म्या वाटेवर कंटाळून आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या उतरल्या आणि पायी पुढे गेल्या. दर्शन, प्रसाद, बांगड्यांची खरेदी उरकून त्या परत निघाल्या तेव्हा नाना त्यांना वाटेतच भेटले, अजून जातच होते. म्हाताऱ्यांनी त्यांना प्रसाद दिला. नाना खुशीत होते. "एकदाही बंद नाही पडली. स्पीड का क्या करना है भिया," असं ते मला परतीच्या वाटेवर म्हणाले, आणि परतीची वाट फार लांब होती.

भाद्रपद सरला आणि आम्ही बडवाह्याला गेलो. मी रजा काढून गेलो, कारण बायकोने सांगितलं होतं की त्या म्हाताऱ्याला एकट्याला सोडलंत तर लोणचं तुमचंही बंद. जायलाच एक दिवस लागला. दुसऱ्या दिवशी मधूने आणि त्याच्या गड्यांनी चक्की ट्रेलरवर चढवली. मधू घरचं सामान घेऊन रेल्वेने पुढे इंदूरला गेला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, घाटात नाही जमलं तर भांडत नका बसू. माल तिथेच उतरवा, मी खंडव्याच्या चुलतभावाकडून गाडी मागवतो. भाईसाब को हाँ बोलके रखा है." शकूने ते ऐकलं. ती पाण्याचा डबा उचलून आमच्याबरोबर निघाली.

घाटाच्या पायथ्याशी नानांनी आम्हा दोघांना खाली उतरवलं, वजन कमी व्हावं म्हणून. मग स्वतःचे जोडे काढून माझ्या हातात दिले. रेडिएटरवर ओलं पोतं टाकलं. ट्रेलरच्या मागच्या चाकामागे साखळीने एक लाकडी ठोकळा बांधला होता, तो चाकाच्या मागे मागे घसटत यायचा. गाडी थांबली तर चाक त्यावर टेकेल आणि ट्रेलर मागे येणार नाही. ठोकळा सरळ येतोय ना, एवढं मी बघायचं. शकूने अधूनमधून पोतं भिजवायचं.

पिकअप निघाली. इंजिनाचा आवाज असा की एखादी मेल सुटावी, आणि चाल अशी की मी मध्ये थांबून विडी पेटवली तरी मागे पडलो नाही. एक वळण गेलं, दुसरं गेलं. बैलगाडीवाले वाट देत होते आणि कपाळाला हात लावत होते. घाटाचा सगळ्यात कडक चढ आला तिथे मात्र पिकअप थरथरली, करपल्याचा वास आला आणि ती बंद पडली. ट्रेलर वीतभर मागे आला आणि ठोकळ्यावर टेकून थांबला. खाली दरी होती.

नाना खाली उतरले नाहीत. इंजिन निवेपर्यंत पाटावर बसून राहिले. आम्हाला त्यांची फक्त पाठ दिसत होती. शकू रस्त्याच्या कडेला उभी होती आणि तिच्याकडे बघून मला समजलं की खंडवा हा शब्द आता आम्हा तिघांच्याही मनात आहे. मग इंजिन पुन्हा सुरू झालं. शकूने पदर खोचला, ट्रेलरच्या मागे गेली आणि खांदा लावला. कालाकुंडात वाढलेली पोर, तिला दुसरं काय सुचणार? नानांना ते कसं कळलं देव जाणे. मान न वळवता ते म्हणाले, "मागून लावू नकोस शकू. आज मी पुढे आहे."

शकूने खांदा काढला. पिकअपने एक हिसका दिला, ठोकळा सुटला, आणि ती हळूहळू, अगदी गोगलगाईला लाज वाटेल अशी, वर सरकायला लागली. पुन्हा थांबली नाही.

आम्ही दोघं पाणी भरायला मागे थांबलो होतो. शेवटचं वळण चढून वर आलो तेव्हा माथ्यावर भेरूच्या, म्हणजे आपल्या भैरोबाच्या, ओट्याशेजारी ट्रेलर उभा होता. चाकांना पुढून-मागून दगड व्यवस्थित लावलेले. नाना ट्रेलर पिकअपला जोडणाऱ्या आकड्याची खीळ काढत होते. मला वाटलं, इंजिनाला जरा मोकळं करतायत. त्यांनी ट्रेलरच्या कडेवर हाताने दोनदा थाप मारली, पाटावर जाऊन बसले, पिकअप वळवली आणि आमच्या अंगावरून घाट उतरायला लागले. जाताना आमच्याकडे बघून हात वर केला, स्टेशनातला ड्रायव्हर गार्डाला करतो तसा. आणि वळणाआड दिसेनासे झाले.

मी त्यांचे जोडे हातात घेऊन उभा. आधी काहीच कळेना, मग कळलं आणि मला हसू फुटलं ते आवरेना. सगळी हयात माथ्यावर गाडी सोडून खाली जाण्यात गेलेली, तेच झालं. मी हसत शकूकडे वळलो तर ती ओट्यावर बसून रडत होती. मी ओशाळलो. ती म्हणाली, "काका, माझ्या लग्नात पण असंच केलं होतं नानांनी. बडवाह्याला मला घेऊन आले, सगळं पार पाडलं, आणि पंगत बसायच्या आधी निघून गेले. मी पाठवणीच्या वेळी त्यांना शोधत होते. आठ वर्षांत एकदा पण राहायला आले नाहीत. मला वाटायचं, ओझं उतरलं म्हणून सुटले."

हातातले जोडे मी ओट्याशी खाली ठेवले. मी तिच्या शेजारी बसून राहिलो.

बऱ्याच वेळाने खालून पिकअपचा आवाज यायला लागला. उतरायला लागला नसेल एवढा वेळ तिला वर यायला लागला. नाना आले, उतरले आणि अनवाणी तसेच उभे राहिले. इतके खजील झालेले नाना मी कधी पाहिले नव्हते. "दुसऱ्या वळणावर आठवलं," ते म्हणाले. "हातांनाच सवय आहे गं बेटा. माथा आला की हात आपोआप खीळ काढतात."

शकू उठली. डोळे पुसले आणि म्हणाली, "नाना, माथ्याच्या पुढे पण मी तुमचीच आहे."

नाना खीळ घेऊन आकड्यात घालायला गेले, पण माथ्यावर खीळ घालायची त्या हातांना सवयच नव्हती, भोकात ती जाईना. शकूने त्यांच्या हातातून घेतली, घातली आणि दगडाने दोन ठोके मारून पक्की बसवली. नंतर पिकअपमध्ये त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिथे गादी नव्हती, म्हणून नानांनी पाटाचा अर्धा भाग तिला दिला. मी ट्रेलरवर चक्कीच्या इंजिनाला टेकून बसलो. आता माझं वजन चालणार होतं.

सिमरोळच्या पुढे रस्ता सपाट झाला तरी पिकअपची चाल तीच. एक रिकामी बैलगाडी आमच्या बरोबरीने आली आणि गाडीवान तोंड वासून बघत शेजारून चालवत राहिला. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून पुढची दोघं एकमेकांशी ओरडून बोलत होती आणि सगळं मला ऐकू येत होतं, त्या गाडीवानालाही. मग नानांनी शकूकडे न बघता विचारलं, "उद्या सकाळी चहाचं आधण किती जणांचं ठेवायचं?"

"तीन जणांचं, नाना," शकू ओरडून म्हणाली. "उद्याचं नाही, रोजचं."